कुडाची झोपडी, दोन रात्री आणि कडेवर चिरंजीव

"अवं माय, एवढासा पोऱ्याले लिसन रानमा कसाले जाई ऱ्हायनी?"

दिवाळीच्या सुटीचे शेवटचे चार दिवस उरले होते आणि सासूबाईंचा हा प्रश्न सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत घरात घुमत होता. त्यांचं चुकत होतं असंही नाही. चिरंजीव पावणेदोन वर्षांचे. पळायला शिकलेले, थांबायला अजून शिकायचे. जे दिसेल ते आधी तोंडात आणि मग हातात. आणि आम्ही निघालो होतो तोरणमाळला. तेही धड बांधीव खोलीत नव्हे, तर कुडाच्या भिंतींच्या, शेणाने सारवलेल्या कौलारू झोपडीत दोन रात्री राहायला.

मैत्रिणींनो, खरं सांगू का? मला तोरणमाळ बघायचं नव्हतंच. मला झोपायचं होतं. एकवीस महिन्यांत सलग पाच तास झोपल्याचं मला आठवत नव्हतं. घरात माणसं पुष्कळ, दिवसा मूल सांभाळायला हात पुष्कळ. पण रात्री दोन वाजता ते रडलं की सगळ्या घराची झोप एकदम गाढ होते, हा अनुभव तुम्हालाही असेलच! तेव्हा निघण्यापूर्वी मी आमच्या ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. एक रात्र तुमची, एक रात्र माझी. ज्याची रात्र त्याने उठायचं, दुसऱ्याने डोळासुद्धा उघडायचा नाही. हे शाळेत मास्तर आहेत. करार म्हटलं की त्यांना आवडतो. "पहिली रात्र माझी," ते उदारपणे म्हणाले. त्या उदारपणाचा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला, पण ते पुढे.

शिरपूरच्या माणसाला सहल म्हटलं की आधी नागेश्वर आठवतं, नाहीतर अनेर धरण. सकाळी डबा घेऊन जायचं आणि दिवेलागणीला परत. मुक्कामाला जायचं तर आम्हा खानदेशकरांना दुसरीकडे कशाला बघायला हवं? सातपुडा उशाशी आहे. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरचं पठार. पूर्वी ते आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा अक्राणी तालुक्याबरोबर तिकडे गेलं. शिरपूरहून शहादा साधारण पन्नास किलोमीटर आणि शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ पुन्हा तेवढंच, थोडं जास्तच. म्हणजे मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं तेवढं ते आपल्याला लांब नाही. तरी आमच्या गल्लीत विचारलं तर निम्म्या बायकांनी तोरणमाळ पाहिलेलं नाही. माथेरान पाहिलंय!

सामानाची गोष्ट

पहिली यादी मी केली. ती एका पानात मावली. मग सासूबाईंनी भर घातली आणि माळ्यावरून जुना वातीचा स्टोव्हसुद्धा खाली काढला. रव्याचे लाडू, चिवडा, दादरच्या भाकऱ्या, ठेचा, लोणचं, खिचडीचे डाळ-तांदूळ, बत्ता, पोळपाट. पोळपाट पाहिल्यावर मात्र मी हात जोडले. म्हटलं, आई, हा पोळपाट बरोबर आला तर मीही त्याच्याबरोबरच येईन. मग सहलीला फक्त हे आणि बाळ जातील. सासूबाई हसल्या. स्टोव्ह आणि पोळपाट परत माळ्यावर गेले.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या सहली अशाच होतात. स्वयंपाकघर गाडीच्या डिकीत भरायचं, डोंगरावर नेऊन मांडायचं, तिथे पोळ्या लाटायच्या आणि परत आणायचं. पुरुष मंडळी हवा खातात, आपण धूर. राहायचं तिथे जेवण मिळतं का, हे एक फोन करून आधी विचारलं तर निम्मं ओझं घरीच राहतं. आम्ही विचारलं होतं. जेवण मिळणार होतं: भाकरी, भाजी, डाळ आणि भात. बाळासाठी मी फक्त भाजून दळलेल्या मुगाच्या डाळ-तांदळाचा डबा, नाचणीचं सत्त्व, गूळ, तूप आणि एक डझन केळी घेतली. बाळाच्या वाटी-चमच्याची पुरचुंडी वेगळी बांधली. पाणी उकळून गाळून थर्मासमध्ये.

कपड्यांत मात्र हात आखडला नाही. नोव्हेंबरात शिरपूरला दुपारी पंखा लागतो, म्हणून तिथेही तसंच असेल असं समजू नका. तोरणमाळला सूर्य मावळला की गारठा एकदम अंगावर येतो. कानटोपी, पायमोजे, दोन स्वेटर, जाड दुपटी, आणि एक जुनी गोधडी. नवं पांघरूण बाळ ओळखत नाही. गोधडीचा वास ओळखतं. शिवाय मच्छरदाणी, बॅटरी, एक लांब दोरी (कशाला ते सांगते), आणि औषधाची पिशवी. त्या पिशवीत आमच्या डॉक्टरीणबाईंनी वजनावरून मात्रा लिहून दिलेलं तापाचं औषध, तापमापक, कापूस, आणि मीठ-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची, तीन पाकिटं. ही पाकिटं मी घेतली खरी, पण त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. देवाला नारळ घेतो तशी घेतली होती.

घाट

धाकट्या दिरांची गाडी मागून घेतली होती. रस्त्याच्या कडेला कापूस वेचणं चालू होतं. शहाद्याच्या अलीकडे-पलीकडे ऊस, केळी, पपईच्या बागा. म्हसावद मागे पडलं, राणीपूर आलं आणि मग घाट सुरू झाला. वळणांवर वळणं. चिरंजिवांनी दुसऱ्याच वळणावर दूध आणि केळ्याचा हिशेब माझ्या पदरात परत केला.

चूक माझीच. निघताना पोटभर दूध पाजलं होतं. घाटाच्या आधी तास-दीड तास दूध नको, थोडं कोरडं काही द्यावं, एखादं बिस्किट किंवा मूठभर मुरमुरे. आणि वीस मिनिटांनी गाडी थांबवून त्याला मोकळ्या हवेत उभं करावं. शेजारणीने मळमळीची गोळी अर्धी करून द्यायला सांगितली होती, ती मी दिली नाही आणि बरंच केलं. मोठ्यांच्या नेहमीच्या प्रवासी गोळ्यांतलं औषध दोन वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये, त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. अर्ध्या गोळीची सवय आपल्याकडे फार.

झोपडी

पण वर पोचलो आणि मी सगळं विसरले. समोर यशवंत तलाव. एवढं पाणी डोंगराच्या डोक्यावर कोणी आणून ठेवलं असं वाटावं! आमची झोपडी तलावापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर होती. पावरा लोकांची घरं असतात त्याच बेताची: बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर कौलं. आत दोन बाजा, एक कंदील, कोपऱ्यात पाण्याचा माठ. वीज होती, पण ती आमच्यासारखीच सुटीवर आलेली असावी. मोबाइलला रेंज नाही. ह्यांनी दोन्ही हात वर करून सांगितलं, "बघ, कोणाचा फोन येणार नाही!" आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. रेंज नाही, याचा आनंद!

आता, लहान मूल घेऊन अशा जागी राहायचं तर पहिल्या अर्ध्या तासात पदर खोचून काही कामं करावीच लागतात. मी बाळाच्या उंचीवर, म्हणजे चक्क गुडघ्यांवर बसून, झोपडीभर फिरले. काय काय सापडलं! बाजेखाली खिळा, कुडातून बाहेर आलेली कामटी, दाराच्या फटीत मुंग्यांची रांग. कंदील खुंटीवर उंच टांगला. बाजेवरची अंथरुणं बाहेर नेऊन झटकली. बाळाला जमिनीवर झोपवायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, सकाळी चपला-बूट आपटून मगच पायात घालायचे. रानात विंचू-काटा असतो. पूर्वी आपल्या महाराष्ट्रात विंचवाने मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून पुष्कळ जीव वाचले. पण त्यासाठी दवाखान्यात वेळेवर पोचावं लागतं. मंत्र-तंत्र आणि जखम कापणं यांत वेळ घालवायचा नाही, साप असो की विंचू.

संध्याकाळी थंडी वाढली तशी ह्यांना कल्पना सुचली, निखाऱ्याची शेगडी आत आणून ठेवू. मी साफ नाही म्हटलं. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातमी असते, शेगडी पेटवून दार लावून झोपले ते उठलेच नाहीत. त्या धुराला वास नसतो, तो कळतच नाही. शेकोटी बाहेर, अंगणात. आत फक्त गोधडी.

दोरीचं म्हणाल तर ती पुढच्या ओट्यावर दोन खांबांना आडवी बांधली आणि तिच्यावर माझी जुनी साडी टाकली. झाला कठडा. चिरंजीव त्याच्यामागे उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बकऱ्यांना हाका मारत होते.

पहिली रात्र

पहिली रात्र ह्यांची. बाळ तीन वेळा उठलं म्हणे. म्हणे, कारण मला काहीच माहीत नाही. मी नऊला पाठ टेकली आणि डोळे उघडले तेव्हा कुडाच्या फटींतून ऊन आत आलं होतं. बाहेर हे बाळाला खांद्यावर टाकून शेकोटीभोवती फेऱ्या मारत होते. डोळे लाल, केस विस्कटलेले. "हा रोज इतका उठतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, काल जरा कमीच उठला."

तो दिवस सोन्यासारखा गेला. सीताखाईच्या काठावर उभं राहिलं की पोटात खड्डाच पडतो. बाळ मी क्षणभरही खाली सोडलं नाही. गोरखनाथांच्या देवळात गेलो. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, त्या गर्दीत तान्हं मूल न्यायचा विचारही करू नये. आम्ही गेलो तेव्हा देवळात आम्ही तिघं आणि एक मांजर. कमळतलाव पाहिला. खडकी पॉइंट राहूनच गेला, त्या वेळेला बाळ झोपलं होतं. पूर्वीची मी असते तर हळहळले असते. पण मूल बरोबर असलं की दिवसाला एक ठिकाण पुरे. तलावाकाठी दीड तास आम्ही नुसते खडे पाण्यात टाकले. पाण्याजवळ माझा एक नियम: बाळ हाताच्या अंतरावर. हे 'इथूनच बघतोय की' म्हणाले, तेव्हा दोघांनी बघायचं म्हणजे कोणीच बघायचं नाही असं होतं, म्हणून आळीपाळीने एकाच माणसाकडे जबाबदारी ठेवली.

जेवण करणाऱ्या बाई जवळच्या पाड्यावरच्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. मी त्यांना ताई म्हणत होते, त्या मला ताई म्हणत होत्या. बाळ दोघींना 'आई' म्हणत होतं. त्यांची आपसातली बोली पावरी, आमच्याशी थोडकी मराठी. चुलीवर भाकरी करताना त्या बाळाला पिठाचा गोळा देत आणि तो तासभर गुंतून राही. तो गोळा किती वेळा जमिनीवर पडून तोंडात गेला, ते मी मोजलं नाही.

दुसरी रात्र

दुसरी रात्र माझी. करारच तसा होता.

अकराच्या सुमाराला बाळ कण्हून उठलं. जुलाब झाला. पाण्यासारखा. दुपटं बदललं, तो पुन्हा. मग ओकारी. एक वाजेपर्यंत पाच वेळा झालं आणि बाळ माझ्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखं पडून राहिलं. रडणंही बारीक झालं होतं. हे उठून बसले. करार-बिरार कोणाला आठवतो! त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली, बाहेर गेले आणि परत आले. बाहेर धुकं इतकं दाट की अंगणातली गाडी दिसत नव्हती. अशा धुक्यात तो घाट उतरायचा? मोबाइल वर धरून त्यांनी ओटा, अंगण, रस्ता पालथा घातला. रेंज नाही.

मैत्रिणींनो, दुपारी ज्या गोष्टीचा आनंद झाला होता तिच्याच नावाने मी रात्री एक वाजता रडत होते.

मग पाकिटांची आठवण झाली. हात थरथरत होते. पाकीट फोडलं, बाळाच्या दुधाच्या पेल्यात ओतायला घेतलं आणि तेवढ्यात ह्यांनी हाक मारून आणलेल्या ताई दारातून आत आल्या. त्यांनी काही न बोलता माझं मनगट धरलं.

"एक लिटर, ताई. हे एका लिटरचं."

कंदिलाच्या उजेडात मी वाचलं. खरंच, पाकिटावर ठळक लिहिलं होतं. मी ते सगळं एका पेल्यात कालवणार होते. एवढं खारट पाणी आधीच सुकलेल्या बाळाच्या पोटात गेलं असतं तर रक्तात मीठ वाढून त्याला झटकेसुद्धा आले असते, असं शहाद्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आजही ते आठवलं की माझे हात गार पडतात.

ताईंनी आमच्या सामानातली एक लिटरची पाण्याची बाटली उचलली, तिच्यात पूर्ण पाकीट ओतलं आणि हलवलं. मग बाळाकडे वळल्या. डोळे पाहिले. पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली. मला विचारलं, "शू कधी झाली?" मला सांगता येईना; जुलाबात काय कळणार? "तोंडाला पाणी लावलं तर ओढतो?" ओढत होता. "मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि चमचा माझ्या हातात दिला. एक चमचा, मग थोडं थांबायचं, मग पुन्हा एक. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी हळू सुरू करायचं. घाई नाही.

मी चमचा देत होते, हे घड्याळ धरून बसले होते, ताई शेकोटीला लाकूड सारत होत्या. मी विचारलं, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक? "आशाताई शिकवते. घरोघर येते. पाकीट देते, झिंकची गोळी देते." आणि मग, आगीकडेच बघत, दोन-तीन वाक्यांत त्यांनी सांगितलं. त्यांचं पहिलं मूल असंच गेलं. श्रावण होता, त्यांच्या माहेरच्या पाड्यावर. गाडी येईल असा रस्ता नव्हता. बांबूला झोळी बांधून नवरा आणि दीर घेऊन निघाले; ओढ्याला पाणी आलं होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. पाकीट घरात नव्हतं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही.

साडेचारच्या सुमाराला बाळाने माझ्या मांडीवर शू केली. इतका आनंद मला त्याच्या पहिल्या पावलाचा झाला नव्हता.

सकाळ

उजाडलं. मी जुन्या पद्धतीने म्हणणार होते, आता पोटाला विश्रांती, काही द्यायचं नाही. आपल्या आज्या हेच सांगत आल्या. ताईंनी तोवर तांदळाची मऊ पेज केली होती, मीठ घालून. अंगावरचं दूध तर रात्रीपासून चालूच ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. बाळाने चार चमचे पेज खाल्ली आणि पाचवा थुंकला, म्हणजे स्वभाव परत आला होता.

धुकं विरल्यावर आम्ही घाट उतरलो आणि थेट शहाद्याला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तपासलं, धोका टळला आहे म्हणाले. झिंकच्या गोळ्या दिल्या, रोज वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी गोळी मधे सोडायची नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला याच्या निम्मी. जुलाब 'बंद' करणारं मोठ्यांचं औषध मुलांना द्यायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप ओआरएस. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाटच, शीग लावून नाही. आणि डोळे खोल गेले, सहा तासांत शू झाली नाही, शौचात रक्त दिसलं, प्यायलेलं सगळंच ओकून पडायला लागलं किंवा मूल गुंगीत गेलं, तर घरचे उपाय करत बसायचं नाही. धुकं असो की काही असो, निघायचं.

ही साधी पुडी किती मोठी आहे, हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालात आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजणारे कोण, तर रुग्णांचेच नातेवाईक, आया आणि बहिणी. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या आत आलं. २०२२ साली ते वारले, आणि त्यांना पद्मविभूषण मिळालं ते मरणानंतर, २०२३ मध्ये.

घेताना एवढंच बघा, की पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं आहे आणि ती किती पाण्यासाठी आहे. दोनशे मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही असतात. डब्यांतून मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात, तीही मी एकदा घेतली आहेत. सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ते नाव छापायला २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई झाली. गोड पाण्याने जुलाब वाढतात.

घरी

घरी आल्यावर सासूबाईंना काही सांगायचं नाही असं आमचं गाडीत ठरलं होतं. पण झिंकच्या गोळ्या लपतात थोड्याच! सगळं ऐकून घेतल्यावर मी बोलणी खायची तयारी केली. त्या बराच वेळ बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, यांच्या मागच्या एका नणंदेला असंच घालवलं मी. शिरपूरलाच, भर गावात. तेव्हा पाणी तोडायचे पोरांचं. जुलाब लागले की पाणी द्यायचं नाही म्हणायचे. हे मला बारा वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या देवघराच्या फळीवर ओआरएसच्या पाच पुड्या आणि एक लिटरची खूण केलेली बाटली असते. गल्लीतल्या तिघी-चौघी येऊन पुडी घेऊन गेल्या आहेत.

तोरणमाळला पुन्हा जाणार का, असं तुम्ही विचाराल. जाणार. कुडाच्या झोपडीतच राहणार. फक्त चढण्यापूर्वी शहाद्याच्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून घेणार, आणि वर पोचल्यावर रेंज कुठे मिळते, रात्री गाडी कोण चालवतो, हे उजेडीच विचारून ठेवणार. ताईंसाठी काय न्यावं याचा मी पुष्कळ विचार केला. साडी घेऊन ठेवली आहे. सासूबाईंनी तिच्याबरोबर रव्याचे लाडू द्यायचे ठरवलं आहे, आणि ते द्यायला त्या स्वतः येणार आहेत. परवा मला हळूच विचारत होत्या, "तो तलाव केवढा आहे गं?"

रात्रींचा करार मात्र घरी आल्यावरही चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचे.